गळ्यात पट्टा असलेला पट्टकदंब दिसला तर

प्रश्न: उजनीच्या पाण्यावर पट्टकदंबांच्या, म्हणजे बार-हेडेड गूजच्या, थव्यात एकाच्या गळ्यात अक्षरं लिहिलेला पट्टा दिसला. फोटो धूसर आला आहे. असे पट्टे कोण घालतं? पक्ष्याला त्याचा त्रास होत नाही का? आता जीपीएस असताना कड्या आणि पट्टे कशाला? मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे काम शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

उत्तर:

फोटो धूसर आला म्हणून पुसून टाकू नका. पट्ट्याचा रंग कळला आणि एखादंच अक्षर वाचता आलं, तरी माग काढता येतो. कुठल्या देशाने कुठला रंग आणि कुठली अक्षरं वापरायची, हे संशोधकांनी आपसांत ठरवून घेतलेलं असतं. पट्टकदंबांच्या गळ्यात असे पट्टे मंगोलियात बऱ्याच संख्येने घातले गेले आहेत, आणि तसे पक्षी दक्षिण भारतातल्या तळ्यांवर दिसलेही आहेत. तुमचा पक्षी तिथलाच, असं मी फोटो न पाहता म्हणणार नाही, पण शक्यता चांगली आहे.

हे पट्टे घालतात कसे, ते आधी सांगतो. हंस आणि बदकं विणीनंतर पंखांची मोठी पिसं एकदम टाकतात. नवी पिसं येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडता येत नाही, म्हणून ती पाण्यालाच धरून राहतात. याच दिवसांत संशोधक छोट्या होड्यांतून थव्याला हळूहळू काठाकडे वळवतात. काठावर जाळीचं कुंपण उभं केलेलं असतं. थवा आत आला की एकेका पक्ष्याला हातात घ्यायचं, मापं घ्यायची, पायात धातूची कडी आणि गळ्यात प्लास्टिकचा हलका पट्टा घालायचा, की पुन्हा पाण्यात. कडीवरचा क्रमांक वाचायला पक्षी हातात यावा लागतो. गळ्यातला पट्टा मात्र तुमच्यासारख्या माणसाला काठावरून दुर्बिणीने वाचता येतो. तो तुमच्यासाठीच घातलेला असतो, असं म्हटलं तरी चालेल.

तुम्ही पाहिलेला पक्षी हिमालय ओलांडून आला आहे. टॅग, म्हणजे ठावठिकाणा नोंदवणारं छोटं यंत्र, लावलेल्या पट्टकदंबांची नोंदली गेलेली सर्वांत जास्त उंची ७,२९० मीटर आहे. ‘एव्हरेस्टवरून उडणारा पक्षी’ ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. टॅगनी जे दाखवलं ते मला त्याहून सुंदर वाटतं. हा पक्षी एकदा उंची गाठून सरळ उडत नाही. तो डोंगराबरोबर चढतो आणि दरी आली की पुन्हा खाली उतरतो. कमावलेली उंची अशी घालवणं वरवर वेडेपणाचं वाटतं. पण पक्ष्यांच्या अंगात बसवलेल्या यंत्रांनी हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा कळलं की विरळ हवेत पंख मारत राहण्यापेक्षा खाली उतरून पुन्हा चढणंच स्वस्त पडतं. हे काठावर बसून कुणालाही कळलं नसतं. पक्षी हातात घ्यायचा तो अशाच प्रश्नासाठी, ज्याचं उत्तर नुसतं पाहून मिळत नाही. माझ्या मते या कामाची पहिली कसोटी हीच आहे. प्रश्न नसेल तर कडीही घालू नये.

कडी घालण्याची शिस्त १८९९ साली डेन्मार्कमधल्या विबॉर्ग गावच्या हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन या शिक्षकांनी बसवली. त्याआधी त्यांनी जस्ताच्या कड्या करून पाहिल्या होत्या, त्या जड झाल्या. मग अ‍ॅल्युमिनियम घेतलं, प्रत्येक कडीवर वेगळा क्रमांक आणि परतीचा पत्ता कोरला आणि त्या कड्या तिकडच्या मैनांच्या पायांत घातल्या. आज जगभर चालते ती पद्धत मुळात तेवढीच आहे. आपल्याकडे १९२६ साली धार संस्थानात बदकांना कड्या घालून सुरुवात झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, ते काम हाती घेतलं. त्यांच्या कडीवर ‘इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी’ एवढे शब्द आणि क्रमांक असतो.

पुढची तीस वर्षं हे काम रडतखडत चाललं. त्याला जोर आला तो एका तापामुळे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि माणसं तापाने आजारी पडू लागली. आपण ज्याला माकडताप म्हणतो, तो हाच. सत्तरी आणि दोडामार्ग-बांदा भागातल्या लोकांना तो वेगळा सांगायला नको. त्याचा विषाणू सैबेरियातल्या ओम्स्कच्या तापाच्या विषाणूशी नात्यातला निघाला. मग प्रश्न आला, की उत्तरेतून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तर तो इथे आला नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अलींनी १९५९ पासून पक्षी पकडून कड्या घालण्याचं मोठं काम उभं केलं. पक्ष्यांनी हा ताप आणला, असा पुरावा काही हाती आला नाही. पण राजस्थानातलं भरतपूर, तमिळनाडूतलं पॉइंट कॅलिमेर अशा ठिकाणी हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या पडल्या, त्यातल्या काही सोव्हिएत रशियातून परत कळवल्या गेल्या, आणि आपल्याकडे येणारी बदकं नेमकी कुठून येतात याचा पहिला खरा नकाशा तयार झाला.

त्या काळात बीएनएचएसच्या मदतीला बिहारमधले मीरशिकार आले. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडणारी ही माणसं. त्यांच्यातल्या अली हुसेन यांचं नाव या क्षेत्रात आजही आदराने घेतलं जातं. पिसाला धक्का न लावता पक्षी धरायची त्यांची हातोटी होती. आपल्या फासेपारध्यांकडेही हे ज्ञान आहे. कुठल्या वाटेने तितर उतरेल, कुठला पक्षी फाशाला बिचकेल, हे ते जमिनीकडे बघून सांगतात. अशा माणसांना मजूर समजून सोबत नेणारे संशोधक मी पाहिले आहेत. मला ते कधीच पटलं नाही. कडी घालण्याआधी पक्षी सुखरूप हातात यावा लागतो, आणि ती निम्मी विद्या त्यांची आहे.

आता त्रासाबद्दल. ‘काहीच त्रास होत नाही’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पकडलं जाणं हा कुठल्याही रानपक्ष्यासाठी भीतीचा अनुभव असतो. आमचं सगळं कौशल्य त्या भीतीची मिनिटं कमी करण्यात आहे.

लहान पक्ष्यांसाठी मिस्ट नेट वापरतात. बारीक काळ्या धाग्याचं, साधारण अडीच मीटर उंच आणि सहा ते बारा मीटर लांब जाळं, त्यात आडव्या दोऱ्यांनी पाडलेले चार-पाच झोळ. झाडीसमोर लावलं की ते दिसत नाही. पक्षी धडकतो आणि झोळात अलगद पडतो. वटवट्यासारख्या पक्ष्याला बारीक वीण लागते, मोठ्या पक्ष्याला मोठी. वीण चुकली तर लहान पक्षी पंखाच्या सांध्यापर्यंत आत घुसून अडकतो. पाऊस, जोराचा वारा आणि कडक ऊन यांत जाळं लावायचं नाही. लावलं की दर वीस मिनिटांनी फेरी मारायची.

या वीस मिनिटांचं मोल मला फार वाईट तऱ्हेने कळलं. शिकायला लागून दुसरं वर्ष होतं. सकाळचं धुकं होतं म्हणून जाळं उघडं ठेवलं आणि एका पक्ष्याची मापं घेण्यात रमलो. तेवढ्यात धुकं निवळलं आणि ऊन थेट जाळ्यावर आलं. फेरीला पंधरा मिनिटं उशीर झाला. झोळात एक पिवळा धोबी मरून पडला होता. सोळा-सतरा ग्रॅमचा जीव, मध्य आशियातून कुठूनतरी इथवर पोचलेला. माझ्या गुरूंनी मला रागावून काही म्हटलं नाही. नोंदवहीत त्या रकान्यात ‘मृत’ लिहायला लावलं आणि कारणाच्या जागी माझं नाव लिहायला लावलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. तेव्हापासून माझ्याबरोबर शिकणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ लागतं, मोबाइलमधलं चालत नाही.

पक्षी ज्या बाजूने आत शिरला, त्याच बाजूने सोडवायचा, आणि बहुतेक वेळा आधी पाय. सोडवला की सुती पिशवीत. अंधारात तो शांत होतो. मग तळहातात पाठ टेकवून, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये मान येईल असं धरायचं. छाती दाबायची नाही. पक्षी छातीचा पिंजरा हलवूनच श्वास घेतो, मुठीत आवळला तर गुदमरतो. नवशिक्यांना हे मी पहिल्या दिवशी दहा वेळा सांगतो. नडगीला बसणारी कडी विशिष्ट मापाच्या पकडीने बंद करायची. ती गोल फिरली पाहिजे, वरखाली सरकली पाहिजे, पण खालच्या सांध्यावर अडकता कामा नये. लहान पक्ष्याच्या कडीचं वजन ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाइतकंही नसतं. खाऱ्या पाण्यात वावरणाऱ्या पक्ष्यांना मात्र अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. काही वर्षांत अक्षरं झिजून जातात, म्हणून कठीण मिश्रधातूच्या कड्या वापरतात.

मग पंखाची लांबी, चोच, नडगी, ताणकाट्यावर वजन. छातीवरची पिसं हलकेच फुंकरीने बाजूला करून गळ्याखालच्या खळग्यात किती चरबी साठली आहे ते बघायचं. मार्च-एप्रिलमध्ये टिलव्याचा तो खळगा पिवळ्या चरबीने फुगलेला दिसला की समजावं, हा आता निघणार. सरावलेल्या हाताला हे सगळं करायला दोन-तीन मिनिटं लागतात. पक्षी तोंड उघडं टाकून धापा टाकू लागला किंवा डोळे मिटू लागला, तर मापं राहू द्यायची आणि त्याला लगेच सोडायचं. वहीतला रिकामा रकाना परवडतो.

जीपीएस असताना कड्या कशाला, हा प्रश्न मला दर शिबिरात कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर वजनात आहे. पक्ष्याच्या अंगावर त्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त ओझं टाकू नये, असा आजचा दंडक आहे. पूर्वी ५ टक्के चालवून घेत. सतरा ग्रॅमच्या धोब्याला म्हणजे अर्धा ग्रॅम. उपग्रहाला रोज ठावठिकाणा कळवणारं, सौर पट्टी असलेलं यंत्र त्यात बसत नाही. आणि यंत्राचा परिणाम शून्य नसतो. पाठीवरच्या पट्ट्यांनी कातडी घासू शकते, उडताना वारा अडतो. म्हणून टॅग मोजक्या पक्ष्यांना लावायचा आणि कड्या हजारोंना घालायच्या. टॅग एका पक्ष्याची वाट दाखवतो. पक्षी किती वर्षं जगतात, दरवर्षी किती परत येतात, त्याच तळ्यावर येतात का, हे कड्याच सांगतात. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर १९५६ साली कडी घातलेली ‘विस्डम’ नावाची लेसन अल्बट्रॉस मादी २०२४ मध्येही तिथे आली आणि तिने अंडं घातलं. जिच्या पायात कडी पडली, ती ती कडी बसवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या मागेही जगली. इतकी वर्षं चालेल अशी बॅटरी अजून झालेली नाही.

टॅगचे प्रकार बरेच आहेत, सगळे सांगत बसत नाही. एकाबद्दल मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही: जिओलोकेटर. हे यंत्र कुणालाही काही कळवत नाही, फक्त उजेड मोजून साठवतं. सूर्य कधी उगवला आणि कधी मावळला यावरून दिवसाची लांबी कळते, त्यावरून अक्षांश. दुपार किती वाजता झाली, त्यावरून रेखांश. जुन्या दर्यावर्द्यांची युक्ती एक-दीड ग्रॅमच्या यंत्रात घातली आहे. यात चूक शे-दोनशे किलोमीटरची होते, आणि मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखी असते तेव्हा अक्षांश कळेनासाच होतो, कारण पृथ्वीवर सगळीकडे दिवस तेवढाच असतो. नेमका तोच स्थलांतराचा हंगाम! शिवाय माहिती काढायला तोच पक्षी पुढच्या वर्षी पुन्हा पकडावा लागतो. तरीही अशाच १.४ ग्रॅमच्या यंत्राने आर्क्टिक सुरय हा समुद्रपक्षी वर्षात सरासरी ७०,९०० किलोमीटर उडतो, हे दाखवून दिलं.

उपग्रहाच्या टॅगचं आपल्या देशातलं सर्वांत मोठं देणं मी अमूर ससाण्याचं मानतो. २०१२ साली नागालँडमधल्या दोयांग जलाशयाजवळ हे ससाणे हजारोंनी जाळ्यात मारले जात असल्याचं उघडकीला आलं. पुढच्याच वर्षी तिथले गावकरी, चर्च आणि वनखातं यांनी मिळून शिकार थांबवली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये तीन ससाण्यांना पाच-पाच ग्रॅमचे टॅग लावले. म्हणजे एक रुपयाच्या नाण्याहून थोडे जड. त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. पांगती हे त्याच गावाचं नाव. ते पक्षी भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता सोमालियाकडे आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत गेले. गावातली पोरं मोबाइलवर ‘आपली पांगती’ कुठे पोचली ते बघायची. नोव्हेंबरात आपल्या घाटमाथ्यावर आणि कोकणात जे अमूर ससाणे दिसतात, ते याच प्रवासातले. त्याच वेळी समुद्र ओलांडणाऱ्या चतुरांवर ते वाटेत पोट भरत असावेत, असा एक अंदाज आहे. मला तो पटतो, पण अजून तो अंदाजच आहे.

घराजवळचं उदाहरण ठाण्याच्या खाडीतलं. २०२२ च्या सुरुवातीला बीएनएचएसने तिथल्या सहा फ्लेमिंगोंना टॅग लावले. हुमायून, मॅकॅन, सलीम अशी जुन्या पक्षीतज्ज्ञांची नावं त्यांना दिली, आणि एकाचं नाव चक्क ‘नवी मुंबई’. हुमायून पावसाळ्यात गुजरातेत भावनगरकडे गेला, हे नकाशावर दिसलं. पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची रोजची ये-जा. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या चिखलात चरतात. भरती आली, चिखल बुडाला, की भांडुपच्या बाजूला आणि नवी मुंबईतल्या पाणथळींवर जाऊन उभे राहतात. कागदावर खाडी अभयारण्य आहे, रामसर स्थळही आहे. पण ज्या तळ्यांवर पक्षी भरतीचे तास काढतात, ती तळी बुजवली तर खाडी राखूनही पक्षी राहणार नाहीत. हे ‘मला वाटतं’ म्हणून सांगितलं तर कुणी ऐकत नाही. तासातासाच्या नोंदी समोर ठेवल्या की ऐकावं लागतं.

लोकांचा संशय हाही या कामाचा भाग आहे. २०२३ साली चेंबूरजवळच्या पीरपाव जेट्टीवर पायात कड्या असलेलं एक कबूतर सापडलं. हेरगिरीच्या संशयावरून ते आठ महिने अडकून पडलं. शेवटी ते तैवानमधलं शर्यतीचं कबूतर असल्याचं निष्पन्न झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याला सोडलं. म्हणून जाळं लावण्याआधी मी पोलीस ठाणं, ग्रामपंचायत आणि तिथले मासेमार या तिघांना स्वतः जाऊन सांगतो. शाळा असेल तर मुलांना बोलावून एक पक्षी त्यांच्यासमोर सोडतो. पुढे कडी सापडली की कळवणारी हीच मुलं असतात.

शिकण्याबद्दल. भारतात स्वतःच्या मनाने कुणालाही रानपक्षी पकडता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि पहिल्या अनुसूचीतल्या जातींसाठी त्याआधी केंद्र सरकारची मान्यता लागते. परदेशी टॅग मागवायचा तर त्याच्या आयातीच्या आणि रेडिओलहरींच्या परवानग्या वेगळ्या. त्यामुळे बाजारातून जाळं आणून घराच्या मागे सराव करण्याचा विचारही करू नका. बीएनएचएस किंवा देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या एखाद्या चालू प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून शिरा. पहिला हंगाम नोंदवही लिहा. दुसऱ्या हंगामात पिशव्या सांभाळा आणि पक्षी सोडवताना बघा. पक्षी हातात घ्यायची घाई असलेला मुलगा मी शक्यतो घेत नाही. तोपर्यंत जाती, वय आणि पिसं ओळखायला शिका, त्यासाठी परवानगी लागत नाही.

आणि तुमच्या पट्टकदंबाचं काम अजून संपलेलं नाही. हे पक्षी मार्चपर्यंत थांबतात. पहाटे, सूर्य तुमच्या पाठीमागे राहील असं बसा. थवा काठावर गवत खायला येतो तेव्हा मान वर करणाऱ्या पक्ष्यावर नजर ठेवा. पट्ट्यावर तीच अक्षरं गोल फिरून पुन्हा लिहिलेली असतात, त्यामुळे पक्षी वळला की न दिसलेलं अक्षर समोर येतं. अक्षरं उभी आहेत की आडवी, पट्ट्याचा रंग कुठला, अक्षरांचा कुठला, पायातही कडी आहे का आणि असल्यास कुठल्या पायात, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, सोबत किती पक्षी, तारीख, वेळ आणि नेमकी जागा, एवढं लिहून ठेवा. अक्षर नक्की कळलं नाही तर अंदाज लिहू नका, तिथे प्रश्नचिन्ह टाका. जवळ जायचा प्रयत्न करून थवा उठवू नका. हे सगळं धूसर फोटोसकट बीएनएचएसला पाठवा. पट्टा दुसऱ्या देशाचा असला तरी ते पुढे कळवतात. उत्तर यायला कधी आठवडा लागतो, कधी चार महिने. पण ते आलं की त्यात पक्ष्याला पट्टा घातला ते तळं आणि तारीख असते. ते वाचलं की मलाही कळवा.